फ्लोट फुगवणं सोपं आहे, दोरीचं बघा

भाचा जुलैत ऑकलंडला चाललाय शिकायला. व्हिसा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन, आणि पहिला प्रश्न काय तर, मामा तुम्ही तिकडे पाण्याखाली जाऊन मासे मारायचे नं, मला पण सांगून ठेवा सगळं. मी सहा वर्षं होतो तिकडे, त्यातली पाच वर्षं जवळजवळ दर रविवारी समुद्रात. आता आईबाबांसाठी नागपुरात परत आलोय, समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, तरी तो विषय निघाला की मी तासभर थांबत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्याला म्हटलं, बंदूक, वेटसूट, पायात घालायचे फिन हे सगळं तिकडे जाऊन घे, अंगाला लावून बघून घे. पण फ्लोट आणि दोरी इथेच लावायला शीक, माझ्यासमोर, कारण तिकडे गेल्यावर कुणीतरी मित्र शनिवारी रात्री म्हणेल चल उद्या सकाळी जाऊ, आणि तू दुकानातून आणलेलं पाकीट किनाऱ्यावर फोडशील.

मी हेच केलं होतं म्हणून सांगून राहिलो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पिअरफिशिंगमध्ये आम्ही पाठीवर सिलेंडर लावत नाही, एका श्वासात खाली जायचं, मासा दिसला आणि मापाचा असला तर रबराच्या ताणावर चालणाऱ्या बंदुकीने भाला मारायचा आणि वर यायचं. खाली असताना वरच्या कुणाला तुम्ही दिसत नाही. वर फक्त तुमचा फ्लोट असतो, हवेने फुगवलेला, भडक रंगाचा, त्याच्यावर झेंडा, आणि त्याला बांधलेली लांब दोरी तुमच्या बंदुकीच्या मुठीपर्यंत आलेली. लोकांना वाटतं फ्लोट म्हणजे दमल्यावर टेकायला. टेकतो आपण, मासे पण त्यालाच अडकवतो, पण तुम्ही पाण्याखाली कुठे आहात हे वरच्या माणसाला त्याच्याशिवाय कळायला काहीच मार्ग नाही, ते त्याचं पहिलं काम.

माझा दुसराच महिना असेल. सेटमध्ये मिळालेला छोटा पिवळा फ्लोट, तोंडाने फुगवलेला, जेमतेम टणक, आणि त्याच्यासोबत आलेली दहा मीटरची बारीक दोरी. आम्ही होतो तिथे पाणी होतं बारा-तेरा मीटर. मी खाली गेलो, तळाशी जवळ पोचता पोचता दोरी संपली, बंदुकीला मागून हिसका बसला, मी म्हटलं अडकली असेल कुठेतरी आणि जोर लावून ओढलीच. वर काय झालं ते मला नंतर कळलं. दोरी फ्लोटच्या नाकाला बांधलेली, मी ओढल्यावर नाक खाली गेलं आणि फ्लोट कलला, झेंडा पाण्यावर आडवा पडला. त्याच वेळी मला खाली बोटीचा आवाज आला. पाण्याखाली आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, हवेत ३४०, त्यामुळे दोन्ही कानांना तो जवळपास एकाच वेळी पोचतो आणि कुठल्या बाजूने येतोय हे डोक्याला कळतच नाही, नुसता सगळीकडून टर्रर्र वाढत जातो. श्वास संपत आलेला, वर जायचं तर आहेच, आणि वर काय आहे ते माहीत नाही. माझा जोडीदार वर होता, त्याने एक फिन काढून हवेत हलवला आणि बोंब मारली म्हणून ती बोट वळली. मी वर आलो तेव्हा ती पंधरा मीटरवर असेल. त्या माणसाने थांबून माफी मागितली, म्हणाला झेंडा दिसलाच नाही. त्याचं खोटं नव्हतं, झेंडा होताच कुठे वर.

त्या दिवसापासून माझं फ्लोटकडे बघणं बदललं. आणि म्हणून भाच्याचा फ्लोट पार्सलने घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मानेवाड्याहून गाडी काढून ताईकडे पोचलो, पण उशीर झाला होता. पठ्ठ्याने सकाळी सहालाच गच्चीवर नेऊन पायाच्या पंपाने तो दगडासारखा टणक फुगवला आणि उन्हात ठेवून कॉलेजला गेला. नवतपा सुरू, पारा पंचेचाळीसला, गच्चीच्या फरशीवर चपलेशिवाय पाय ठेवता येत नाही. आतली हवा तापून फुगणार, जागा वाढणार नाही, मग दाब शिवणीवर जातो. मी वर गेलो तेव्हा फ्लोट ढोलकीसारखा ताणलेला होता आणि खालच्या बाजूला जिथे लोखंडी कडी चिकटवलेली असते त्या पट्टीची कडा उचललेली. हवा सोडली लगेच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी परत भरला तर दुपारपर्यंत ढिला, म्हणजे गळत होताच.

हे नागपूरवाल्यांसाठी मुद्दाम लिहितो. फ्लोट, एअरबेड, पोरांचे पोहायचे ट्यूब, काहीही असो, भरून उन्हात ठेवू नका, बंद कारमध्ये तर बिलकुल नाही. भरायचं तर सावलीत, आणि काम झालं की थोडी हवा सोडून द्यायची.

गळती शोधायला चौकातल्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने अर्ध्या कापलेल्या ड्रमच्या पाण्यात फ्लोट दाबून धरला, एकेक बाजू फिरवत नेली, आणि कडीच्या पट्टीजवळ आलं तशी बारीक बुडबुड्यांची माळ सुरू झाली, मोहरीएवढे बुडबुडे, एकामागे एक. भाचा ते बघून एकदम गप्प झाला. पंक्चरवाल्याने सवयीने घासलं, सोल्युशन लावलं, रबराचा पॅच ठोकून दिला, पैसेही घेईना. पण ट्यूब रबराची असते आणि हा फ्लोट पीव्हीसीचा, त्याला सायकलचं सोल्युशन धरत नाही. सकाळी पॅच नखाने निघून आला. मग ताडपत्री आणि फ्लेक्सचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून पीव्हीसीचा गोंद आणि जाड पीव्हीसीचा तुकडा आणला. पद्धत अशी की हवा पूर्ण काढायची, जागा बारीक पॉलिश पेपरने हलकी घासायची, पुसून कोरडी करायची, तुकड्याचे कोपरे कात्रीने गोल करायचे कारण टोकदार कोपरा आधी उचलतो, दोन्ही बाजूंना गोंद लावून थोडा चिकट होईपर्यंत थांबायचं, मग दाबून वर वजन ठेवायचं आणि चोवीस तास हात लावायचा नाही. ताईचा पाटा ठेवला होता. चोवीस तासांनी भरला, साबणाचं पाणी लावलं, एकही बुडबुडा नाही. तो पॅच अजून आहे.

फ्लोटचा आकार किती घ्यायचा हे खूप जण विचारतात. हिशोब सोपा आहे, एक लिटर हवा पाण्यात साधारण एक किलो उचलते, समुद्राच्या पाण्यात थोडं जास्तच. भाच्याचा सोळा लिटरचा आहे, टॉर्पेडोच्या आकाराचा, म्हणजे त्याचं स्वतःचं वजन आणि झेंड्याच्या काठीखाली लावायचं शिसं वजा करून सुद्धा चौदा किलो तरी हातात राहतात, दोन माणसं हात टाकून दम घेऊ शकतात. तेवढा नवशिक्याला पुरे. गोल ट्यूबसारखे असतात ते टेकायला आरामाचे पण ओढायला जड, फळीसारखे मोठे असतात ते सामान फार नेणाऱ्यांसाठी. टॉर्पेडो पाण्यातून सरळ कापत येतो, मागून ओढतोय असं वाटत नाही.

झेंड्याचं एक. फ्लोटसोबत जो झेंडा आला तो लाल आणि त्यावर तिरपी पांढरी पट्टी, अमेरिकेत चालतो तो. न्यूझीलंडमध्ये निळा-पांढरा लागतो, काठीकडची बाजू पांढरी, बाहेरची निळी आणि टोकाला कापलेली, व्ही आकारात. हा आंतरराष्ट्रीय संकेतांमधला अल्फा झेंडा. तिथे असा झेंडा लावलेल्या बोटीच्या २०० मीटरच्या आत दुसऱ्या बोटीला ५ नॉटच्या वर वेग नेता येत नाही, म्हणजे तासाला नऊ किलोमीटर, आणि पाण्यात माणूस असेल तर त्याच्या ५० मीटरच्या आत सुद्धा तेच. पण हे पाळायला समोरच्याला दिसलं तर पाहिजे. आमच्या टेलरकाकांनी छत्रीच्या कापडातून झेंडा शिवून दिला, दोन्ही बाजूंनी दुहेरी टीप, आणि वरच्या कडेला मी एक बारीक प्लास्टिकची कांडी ओवून घेतली, त्यामुळे वारा नसला तरी झेंडा लोंबत नाही, उघडा राहतो. काठीच्या खालच्या टोकाला, फ्लोटच्या पोटाखाली, अर्धा किलो शिसं. ते नसलं तर काठीच्या वजनानेच फ्लोट कुशीवर वळतो. पाण्यात टाकून हाताने पूर्ण आडवा पाडायचा आणि सोडायचा, आपोआप उभा झाला तर ठीक. नाही झाला तर शिसं वाढवा.

आता दोरी. फ्लोट फुगवायला दहा मिनिटं लागतात, दोरीवर आम्ही तीन संध्याकाळ घालवल्या आणि मला वाटतं ते बरोबरच होतं.

लांबी तुम्ही जिथे जाणार तिथल्या खोलीच्या दीडपट, कारण पाणी तुम्हाला सरळ उभं थोडीच उतरू देतं, वारा फ्लोटला एका बाजूला नेतो आणि तुम्ही दुसरीकडे पोहता. भाच्याला सुरुवातीला आठ-दहा मीटरच्या पुढे जायचंच नाही, तरी वीस मीटर घेतली. दोरी तरंगणारी पाहिजे. इतवारीत दोरीच्या दुकानात गेलात तर तो आधी नायलॉन काढून दाखवतो, मजबूत आहे, मऊ आहे, सगळं खरं, पण नायलॉन पाण्यात बुडतं. बुडणारी दोरी खाली ढिली पडून दगडात आणि शेवाळात गुंतते, आणि तुमच्या पायात पण. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, ते वर राहतं. दुकानदाराला मी तुकडा मागितला आणि त्याच्याच माठाखालच्या बादलीत टाकून बघितला, तो आधी हसला मग दुसरा तुकडा स्वतःच टाकून बघितला. भगवी घेतली, जाडी आठ मिलिमीटर, याच्यापेक्षा बारीक घेतली तर ओल्या हाताला कापते आणि गुंता जास्त होतो.

वीस मीटरवर दर पाच मीटरला काळ्या इन्सुलेशन टेपचे वेढे, पाचला एक, दहाला दोन, पंधराला तीन. वरून बघणाऱ्या जोडीदाराला किती दोरी खाली गेली ते कळतं. दोन्ही टोकांना स्टीलचे फिरणारे क्लिप, ज्याला स्विव्हल म्हणतात, कारण फ्लोट पाण्यात फिरत राहतो आणि स्विव्हल नसेल तर पीळ दोरीत चढतो. गाठ बोलाइन, म्हणजे ओढ आली तरी न सरकणाऱ्या फाशाची, शेपूट चार बोटं सोडलेली आणि वर अजून एक अडगाठ. भाच्याला मी डोळे मिटून बांधायला लावली, मग हात ओले करून, मग पाठीमागे. वीस-पंचवीस वेळा चुकला असेल. आणि फ्लोटच्या नाकाच्या कडीला न बांधता खालच्या मधल्या कडीला बांधायची, म्हणजे खालून ओढ आली तरी फ्लोट नाकावर उभा होत नाही, झेंडा वर राहतो. माझ्या त्या दिवशी एवढं जरी केलेलं असतं.

एक गोष्ट मी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतली. दोरी मनगटाला बांधायची नाही, कमरेला गाठ मारायची नाही, कधीच नाही. बंदुकीच्या मुठीला क्लिप, बस. मोठा मासा लागला, दोरी अडकली, काही झालं तर हातातली बंदूक सोडून द्यायची आणि वर यायचं, बंदूक कुठे जात नाही, फ्लोट तिला धरून ठेवतो, वर येऊन दम घेऊन दोरी ओढत बसा आरामात. फ्लोट आहे म्हणूनच तर सोडता येते. आणि दंडाला किंवा पोटरीला एक छोटी सुरी, दोन्ही हातांनी काढता येईल अशी.

मग प्रॅक्टिसला पाणी पाहिजे. शहरातल्या टँकवर विचारलं, त्यांनी नाही म्हटलं, त्यांचंही बरोबर, बाकी लोकं पोहत असतात. तर आम्ही काटोलला मोठेबाबांच्या संत्र्याच्या बागेत गेलो, सकाळी सातला तर्री पोहे खाऊन निघालो. विहीर चाळीस फुटी, मे महिन्यातही पंधरा-सोळा फूट पाणी, पायऱ्या आहेत. श्वास धरून बसायचं काहीच करायचं नाही असं आधीच ठरवलं होतं, फक्त फ्लोट, दोरी आणि वरच्यावर बुड्या, मी पाण्यात आणि काठावर दोन गडी. बंदुकीच्या जागी पडद्याचा जुना ॲल्युमिनियमचा रॉड.

मोठेबाबा खाट टाकून बसले होते. फ्लोट बघून म्हणाले, "हे तं आपला भोपयाच हाय." त्यांच्या वेळेस वाळलेला भोपळा पाठीला बांधून पोरांना विहिरीत टाकायचे, आमच्या वेळेस तेलाचा रिकामा डबा होता. भंडारा-गोंदियाकडच्या तलावांवर ढिवर लोकं ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकतात ते तर अजूनही दिसतं. भाचा दोरी हातावर गोल गोल गुंडाळत होता तसे ते खाटेवरून उठले. "तसं नोको करू, पीळ चढते. मोटेच्या दोराले बी असंच होत होतं." त्यांनी अंगठा आणि कोपर यांच्यात दोरी आठाच्या आकारात घातली, एक वेढा इकडून, एक तिकडून, प्रत्येक वेढ्याचा पीळ पुढचा वेढा काढून टाकतो. मग दोरी हातातून विहिरीत सोडली आणि वीसच्या वीस मीटर एकही गाठ न पडता सरसर निघून गेली. मी पाच वर्षं समुद्रात जाऊन गोल गुंडाळायचो आणि दर वेळी किनाऱ्यावर बसून गुंता सोडवायचो. आता मी पण आठातच घालतो.

विहिरीत अजून एक गोष्ट प्रत्यक्ष दिसली. बागेत चव्वेचाळीस डिग्रीत टणक भरलेला फ्लोट पाण्यात दहा मिनिटं राहिला आणि बोट दाबलं तर खड्डा पडायला लागला. "मामा, परत गळून राहिला का हो?" गळत नव्हता, हवा थंड होऊन आकसली. पंचेचाळीस डिग्रीची हवा पंधरा डिग्रीला आली की नऊ टक्क्यांच्या आसपास कमी होते, आणि ऑकलंडला जुलै-ऑगस्टमध्ये समुद्राचं पाणी साधारण तेवढंच थंड. म्हणून फ्लोट भरा, पाण्यात टाका, थोडा वेळ जाऊ द्या, मग वरून परत भरून टणक करा आणि तेव्हाच निघा. ढिला फ्लोट मासा खाली ओढू लागला की अजून लवकर हरतो, कारण दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो आणि मऊ पिशवीतली हवा अर्ध्या जागेत मावते, वीस मीटरवर तिसऱ्या हिश्श्यात, म्हणजे सोळा लिटरचा उचलण्याचा जोर पाच किलोवर येतो. खोल समुद्रात मोठ्या माशांच्या मागे जाणारे म्हणूनच गाडीच्या टायरसारखा व्हॉल्व्ह असलेले जास्त दाबाचे फ्लोट वापरतात. भाच्याला त्याची गरज नाही, पण कारण माहीत असलेलं बरं.

एक खाली, एक वर हा नियम पण विहिरीतच पाठ करून घेतला. मी बुडी मारली की त्याने दुसरं काहीही करायचं नाही, फक्त फ्लोट आणि दोरी बघायची, आणि मी वर आल्यावर सुद्धा अर्धा मिनिट माझ्या तोंडाकडे बघत राहायचं. श्वास धरून खाली गेलेला माणूस बेशुद्ध पडतो तो बहुतेक वर येताना शेवटच्या काही मीटरमध्ये किंवा वर आल्यावर, कारण वर येताना दाब कमी होतो तसा फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा दाबही झपकन पडतो. जोडीदार जवळ असेल तर दोन सेकंदात तोंड पाण्याबाहेर धरता येतं. लांब असेल तर काही करता येत नाही. ताई हे ऐकत होती, तिने मला बाजूला घेऊन विचारलं, खरंच जाऊ देऊ का रे याला. मी तिला म्हटलं, एकटा कधीच जाणार नाही असं त्याने माझ्यासमोर कबूल केलंय, आणि तिथे पोचला की आधी श्वासाचा नीट कोर्स करेल, मगच. फी मी भरतोय.

बाकी सामानात मासे ओवायची स्टीलची सळई आणि तार, ती फ्लोटला लावायची, कमरेला नाही, रक्ताच्या वासाने शार्क आली तर माशाकडे जाऊ दे, तुमच्याकडे नको. मासा मारण्याआधी मापाचा अंदाज पाहिजे, ऑकलंडच्या पूर्व किनाऱ्याला स्नॅपर ३० सेंटिमीटरच्या खालचा घ्यायचा नाही आणि माणशी दिवसाला सातच, परवाना लागत नाही पण पकडलेला मासा विकता येत नाही. नियम बदलत असतात, जाण्याआधी दर वेळी बघायचेच. आणि गोट आयलंडला बंदूक नेऊच नकोस, ते १९७५ पासून सागरी राखीव क्षेत्र आहे, मासेमारी बंद. तिथे नुसता मास्क लावून जा, तिथले स्नॅपर माणसाला घाबरत नाहीत, एवढे मोठे अंगाजवळून जातात की बघत राहावं. मालवणला पण मी तेच करतो, मास्क लावून बघत राहतो तास तास.

काल पॅकिंग झालं. फ्लोट गोड्या पाण्याने धुतला, सावलीत सुकवला, व्हॉल्व्हच्या खाचेतली विहिरीची माती जुन्या टूथब्रशने काढली, टाल्कम पावडर लावून घडी घातली, घडी पॅचवर येणार नाही अशी. झेंडा वेगळा, दोरी आठात घालून मधोमध सुतळीने बांधलेली. शिसं काढून ठेवलं, ते तिकडे मिळतं, उगाच बॅगेत वजन. ताईने दोरीच्या भेंडोळ्यात संत्रा बर्फीचे दोन डबे बसवले, म्हणाली तेवढीच जागा उरली होती.